नवेपणाची सनद

ज्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीला दोन पावसाळ्यांपासून ओल धरलेली असूनही ‘यंदाच्या दिवाळीला पाहू’ यापलीकडे ज्याची तजवीज गेलेली नाही, आणि दंतवैद्याने सुचविलेली दुरुस्ती जो निष्ठेने तहकूब करीत आला आहे, तोच गृहस्थ आपल्या मोटारीच्या बॉनेटवर कबुतराने औचित्यभंग केल्याची वार्ता कानी पडताच भरले ताट सोडून चार जिने उतरतो, ही आमच्या पुण्यातील सोसायट्यांत नित्य घडणारी गोष्ट आहे. या धावपळीला शास्त्राधार नाही असे मात्र कोणी समजू नये. पक्ष्याची विष्ठा तापल्या पत्र्यावर वाळू दिली तर रंगावरील पारदर्शक लेपाला कायमचा डाग पाडते. आणि हा लेप, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात तो, साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. मध्यमवर्गाची सारी प्रतिष्ठा सांप्रत या ४० मायक्रॉनांच्या आश्रयाने नांदत आहे.

या प्रतिष्ठेचा पहिला अंमलदार पहाटे अंधारातच हजर होतो. एक बादली, एक फडके आणि रांगेने उभ्या डझनभर गाड्या एवढ्या सामग्रीवर तो जे कार्य उरकतो, त्यात पहिल्या गाडीची माती दुसरीला व दुसरीची तिसरीला मिळत जाऊन अखेर सर्व सभासदांत तिचे समान वाटप होते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला इतका बिनतक्रार समाजवाद आजवर साधलेला नाही. काम झाल्याची पावती म्हणून तो दोन्ही वायपर उभे करून निघून जातो, आणि ते उभे वायपर गॅलरीतून पाहून मालक चहाचा पहिला घोट सुखाने घेतो. फडक्यातल्या बारीक खड्यांनी रंगावर उमटविलेले चक्राकार ओरखडे त्याला दिसतात ते भर दुपारच्या उन्हात, आणि मग मोटारीची स्वारी ‘डिटेलिंग स्टुडिओ’कडे निघते.

तेथील विधी सोवळ्याचा आहे. शाम्पूची बादली वेगळी, हातमोजा विसळण्याची वेगळी. नंतर मऊ मातीचा गोळा पत्र्यावर फिरवून चिकटलेले कण उचलावयाचे, आणि मग यंत्राने पॉलिश. पॉलिशने ओरखडा पुसला जातो अशी जनसामान्यांची समजूत असली, तरी वस्तुतः ओरखड्याच्या भोवतालचा लेपच त्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. म्हणजे नवेपणा टिकविण्यासाठी मूळ नवेपणाच सहाणेवरच्या चंदनासारखा दरवेळी थोडाथोडा झिजवावा लागतो, आणि या झिजेबद्दल मालक संतोषाने पैसे मोजतो. त्यावर कार्नोबा मेणाचे लेपन होते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून निघणारे, गोळ्या-चॉकलेटांना आणि औषधी वड्यांनाही चकाकी देणारे हे मेण समुद्र ओलांडून येते खरे, परंतु त्याचा अंमल काही आठवडेच चालतो. म्हणून ज्याला कायमचा बंदोबस्त हवा, त्याच्यापुढे पाच आकडी रकमेचे सिरॅमिक कोटिंग मांडले जाते आणि त्याची कठीणता ‘९एच’ असल्याचे अशा गंभीर स्वरात सांगितले जाते, की ऐकणाऱ्याला आपली मोटार हिऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्याचा भास व्हावा. ही ९एच मोजपट्टी पेन्सिलींची आहे. सर्वांत टणक शिशाच्या पेन्सिलीने लेपावर ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि वाहनतळात शेजाऱ्याने दार उघडताना हाती पेन्सिल धरलेली नसते. सोबत मिळणाऱ्या हमीच्या सनदेत बारीक अक्षरांत कलम असते, की ठरल्या मुदतीत देखभालीसाठी गाडी याच दप्तरी हजर न केल्यास सनद रद्द समजावी.

पाण्याचा प्रश्न कोणी काढू नये, हा या क्षेत्रातील शिष्टाचार आहे. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांस ५,००० रुपये दंडाचे फर्मान काढले होते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यातल्या कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ठिपके काचेवर व रंगावर वाळतात, आणि ते काढण्यासाठी पुन्हा गाडी धुवावी लागते. दसऱ्याला झेंडूची माळ चढते, परंतु कुंकवाचे स्वस्तिक रंगावर न काढता नंबरप्लेटवर काढावे, अशी सूचना गृहिणीस आदल्या रात्रीच दिलेली असते. आसनांवरचे कारखान्याचे प्लॅस्टिक तर मुलगी दहावीला गेली तरी निघत नाही.

एवढे करून एके दिवशी गाडी विकावयाची ठरते. मूल्यमापनास आलेला तरुण पत्र्याला एक लहानसे यंत्र लावून रंगाची जाडी मोजतो, कारण ती अधिक भरल्यास तेथे गाडी ठोकून पुन्हा रंगविल्याचा संशय धरावयाचा, असा त्या धंद्याचा शिरस्ता आहे. चकाकीला तो ‘छान ठेवलीय, काका’ एवढीच बिदागी देतो, मग आर.सी. बुक उघडतो, किलोमीटर वाचतो आणि निर्मितीच्या सालावर बोट ठेवून आकडा सांगतो. त्या सालावर चढेल असा लेप अद्याप कोणत्याही स्टुडिओच्या दरपत्रकात आलेला नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी बाहेर लागलेल्या रांगेत गाड्या थोड्या आणि मालकच अधिक दिसतील.