टेकडीचे अध्यक्ष

यवतमाळात पाण्याची टंचाई होते, अध्यक्षांची होत नाही. निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली तरी दुर्गोत्सवाच्या एकाही मंडळाची खुर्ची रिकामी राहिल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही. असेच एक अध्यक्ष आम्हाला रोज सकाळी चौसाळ्याच्या टेकडीवर भेटतात. ते नेमके कशाचे अध्यक्ष, हे कुणी विचारत नाही. कधीकाळी एखादी पतसंस्था असावी. आता टेकडी आहे.

पायात महागडे बूट, डोक्यावर कुठल्याशा मॅरेथॉनची टोपी, हातात काठी आणि खिशात मोबाइल. मोबाइलमधून सहाला भजन सुरू होतं, सव्वासहाला रफीसाहेब येतात आणि साडेसहाला कुठल्या तरी महाराजांचं मधुमेहावरचं प्रवचन. टेकडीवरचे मोर या कार्यक्रमाला कंटाळून पलीकडच्या उतारावर गेले. अध्यक्षांना मात्र रुखरुख आहे, “आजकाल मोर दिसून नाही राहिले भाऊ. पर्यावरणाचं काई खरं नाही.”

टेकडीवर त्यांचं प्रेम आहे, यात शंका नाही. “आपली टेकडी आहे,” हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की सातबारा त्यांच्याच नावावर असावा असं नवख्याला वाटतं. माझी अडचण त्या ‘आपली’मध्ये आहे. परक्याच्या अंगणात माणूस बिचकून वागतो. आपल्यात तो पाय पसरतो.

आता वळणाचीच गोष्ट घ्या. वाट वर जाताना नागमोडी जाते. ज्यांनी ती पाडली त्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती, असं अध्यक्षांचं मत असावं, कारण ते दोन वळणांच्या मधून थेट उभे चढतात आणि मागच्या चौघांनाही बोलावतात, “या ना इकडून, टाइम वाचते!” फिरायलाच आलेल्या निवृत्त माणसानं वाचवलेल्या त्या चार मिनिटांचं पुढे काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. उताराचं काय होतं ते मात्र दिसतं. पावलांनी गवत मरतं, मुरूम उघडा पडतो, आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस तोच सरळ रस्ता धरतो. वळणावर पाण्याचा वेग मोडतो. उभ्या वाटेवर त्याला अडवायला कुणी नसतं. दोन पावसाळ्यांत तिथे घोट्याएवढी घळ पडते, मग गुडघ्याएवढी. घळीत पाय मुरगळेल म्हणून मंडळी तिच्या बाजूनं तिसरी वाट पाडतात. चिखलाचंही तसंच. बूट खराब होऊ नयेत म्हणून अध्यक्ष वाटेच्या कडेनं जातात, त्यांच्यामागचे कडेच्या कडेनं, आणि दोन फुटांच्या पायवाटेवरून दिवाळीपर्यंत बैलगाडी जाऊ शकते.

वर पोचल्यावर खर्रा निघतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला, विदर्भाचा राजमान्य प्रसाद. खर्रा तोंडात जातो आणि पन्नी बोरीच्या झुडपाला. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी २०१८ साली आली, तिचं अध्यक्षांनी चौकात पेढे वाटून स्वागत केलं होतं. मग वानरांना बिस्किटं. पाला, फुलं, शेंगा खाऊन गुण्यागोविंदानं राहणाऱ्या जनावराला पुड्याचा आवाज ओळखता येऊ लागला, आणि एके दिवशी एकानं अध्यक्षांच्याच हातातली पिशवी ओढली. “वानरं माजली,” असा तोंडी अर्ज त्याच दिवशी वनरक्षकाकडे गेला.

उन्हाळ्यात त्यांचा रोख मोह वेचणाऱ्या बायांवर असतो. “ह्या जंगल खराब करून राहिल्या.” मोहाखालचा पाला पेटवल्यानं वणवे लागतात, हे खरं आहे. पण मार्च-एप्रिलात सागाचा पाला पापडासारखा वाळलेला असतो. त्याला अध्यक्षांच्या मित्राची न विझवलेली बिडीही चालते. त्या बाया टोपली आणि फडक्यात भाकर घेऊन येतात, जाताना टोपलीत मोह नेतात आणि फडकंही परत नेतात. त्यांना ‘आपली टेकडी’ म्हणताना मी एकदाही ऐकलं नाही.

वृक्षारोपणात अध्यक्षांना तोड नाही. पुसदच्या वसंतराव नाईकांची जयंती, १ जुलै, म्हणजे त्यांचा सण. सरकारचं लक्ष्य २०१७ मध्ये ४ कोटी झाडांचं होतं, २०१८ मध्ये १३ कोटींचं आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं. अध्यक्षांचा फोटो तिन्ही वर्षी आला. त्यांच्या रोपाशेजारी नावाचा फलक लावला होता. फलक लोखंडी असल्यामुळे जगला.

पण त्यांना खरा अभिमान आहे तो आमच्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या वाघाचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली, आणि पठ्ठ्या शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला, म्हणून त्याचं नावच ‘वॉकर’ पडलं. “चालणं यवतमाळच्या रक्तातच आहे,” असं अध्यक्ष पुण्याच्या व्याह्यांना सांगतात. मीही मान डोलावतो. एवढ्या वाटेवर त्यानं पाण्याची रिकामी बाटली टाकल्याची किंवा दगडावर नाव रंगवल्याची नोंद नाही, हे मी व्याह्यांसमोर काढत नाही.

तरीही अध्यक्ष हवेत. रात्री मुरूम चोरायला ट्रॅक्टर लागला, तर आपण खिडकी लावून घेऊ आणि ते बनियनवर तहसीलदारांना फोन लावतील. टेकडीवर रोज जाणारा माणूसच टेकडी वाचवू शकतो, आणि त्यातला असा फोन लावणारा आमच्याकडे तो एकच. तुमच्या गावच्या टेकडीलाही कुणी असेलच. त्यांना हटवू नका. पन्नी खिशात ठेवा, बिस्किटं घरी खा, वळण आलं की वळा, मोबाइलचा आवाज बंद करा, एवढंच त्यांच्या कानावर घाला. फक्त सुरुवातीला “अध्यक्षसाहेब” म्हणायला विसरू नका. त्याशिवाय ते ऐकून घेत नाहीत.