घड्याळ बघितलंस का?

डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येक गावात एक तात्या असतात. आमचे कोल्हापूरकडचे. गाय व्याली म्हटलं की बाकीचे विचारतात, कालवड का गोऱ्हा? तात्या विचारतात, "किती वाजता? घड्याळ बघितलंस का?" पत्रिका मांडणारा ज्योतिषीसुद्धा जन्मवेळेसाठी एवढा हटून बसत नाही. 'पहाटं कवातरी' असं उत्तर देणाऱ्याची त्या दिवशी धडगत नसते.

"आतड्याचं दार चोवीस तासच उघडं असतंय," ते सांगतात, "त्यातही पहिलं दोन तास सोन्याचं. आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद वासराला मिळत न्हाई, ती चिकातनंच." मग हिशोब. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक. तो पोटात जाईपर्यंत तात्या गोठ्यातून हलत नाहीत. नाळेला टिंक्चर आयोडीनही स्वतःच लावतात. मालकाच्या हातावर भरवसा नाही.

'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नसतो' हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं म्हणणं तात्यांच्या डोक्यात तिडीक आणतं. "आरं, वासरू लुचलं तर वार उलट लवकर पडंल!" असं ते ओरडतात, आणि ओरडतात ते बहुतेक वेळा स्वतःच्या आईवर.

खरी अडचण खरवसाची. गाय व्याल्याचं कळताच चार घरांतून पातेली येतात आणि तात्या दारात पहारा देतात. पहिली धार वासराची. त्यातून उरेल ती बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून त्यांच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. कुणाची गाय विताना दगावली तर त्या वासराला ही बाटली कोमट पाण्यात ठेवून, न उकळता पाजायची. पाहुण्यांच्या सरबतासाठी काकू बर्फ काढायला जातात तर हातात येतं 'गौरी, पहिली धार'. लोकांच्या पातेल्यात पडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं दूध. त्याचा खरवस धड घट्ट होत नाही, वड्या पडत नाहीत. 'असलाच चवीला चांगला' हे तात्यांचं मत गावात आणखी कुणाचंही नाही, काकूंचंही नाही.

सकाळी सहाला गुरांच्या डॉक्टरांना तात्यांचा फोटो जातो. सूर्योदयाचा नव्हे, वासराच्या शेणाचा. पातळ आहे, पांढरं आहे, वास असा आहे, असं खाली लिहिलेलं. डॉक्टरही असे की चहा पिता पिता उत्तर देतात. दहाव्या दिवशी जंताचं औषध, पुढं शिंगं जाळायचा दिवस, सगळं गोठ्यातल्या कॅलेंडरवर. त्याच कॅलेंडरवर स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मात्र काकूंनी लिहिलेला.

दूध वासराला पाजण्यापेक्षा डेअरीला घातलेलं बरं, असा हिशोब करणारे पुष्कळ. गोऱ्हा झाला तर मग विचारायलाच नको, त्याच्या वाट्याला थेंब येणं मुश्कील. तात्या गोऱ्ह्यालाही तेवढाच चीक पाजतात. का, हे विचारलं तर कधी सरळ उत्तर देत नाहीत. "त्येला काय ठाऊक, आपण गोऱ्हा हाय म्हणून?" एवढंच पुटपुटतात आणि बादली विसळायला लागतात.

मागे त्यांना नात झाली. दवाखान्यात सगळे नाव-नक्षत्राच्या गोष्टी करत होते. तात्यांनी नर्सबाईंना गाठलं.

"चीक पाजला का?"

"पाजला आजोबा, पहिल्या तासातच."

तात्या खूश. लगेच पुढचा प्रश्न, "आणि नाळंला काय लावलं?"

"काही लावायचं नसतं. कोरडी ठेवायची."

"नुसतीच?" तात्यांनी विचारलं. मग मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई चांगली हाय. पण टिंक्चरची बाटली माझ्या गाडीच्या डिकीत हाय, लागली तर सांग."