समुद्र फुकट, व्ह्यू महाग

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलांत समुद्रालाही दर्जे असतात. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीच्या कठड्याला पोट टेकवून मान डावीकडे वळवली, की दोन माडांच्या मधून निळी पट्टी दिसते. त्या पट्टीचेही पैसे पडतात, आणि खोलीचं रोजचं भाडं 7,500 रुपयांच्या वर गेलं की त्यावर 18 टक्के जीएसटी.

एवढे मोजून पाहुणा समुद्रात उतरतो का? छे! खारं पाणी, अंगाला वाळू, केसांचा सत्यानाश. तो हॉटेलच्या तलावातल्या क्लोरीनमध्ये डुंबत, समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढतो. नाश्ता मात्र भाड्यात धरलेला असतो. तो सोडायचा कसा? बुफे बंद व्हायला पाच मिनिटं उरली असताना इडली, पास्ता, जिलबी आणि कलिंगड एकाच प्लेटमध्ये रचले जातात. दोन केळी पर्समध्ये गुपचूप जातात, ती वेगळीच.

भरतीचं पाणी जिथवर पोचतं, ती वाळू आपल्याकडे कुणा हॉटेलच्या मालकीची नसते. तेव्हा सूर्यास्तच बघायचा असेल, तर शेजारच्या पायवाटेने खुशाल जा. तिथे व्ह्यू पूर्ण मिळतो आणि जीएसटी लागत नाही.