सरासरीपंत

पहाटेचे साडेपाच. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर सहा जण सायकली धरून ताटकळत उभे, आणि सातवा आभाळाकडे बघतोय. फिरायला निघालेल्या एका आजोबांनी मागे एकदा थांबून "आज ग्रहणबिहण आहे का हो?" असं विचारलंसुद्धा होतं.

"पकडतोय," सातवा म्हणतो.

म्हणजे त्याच्या हँडलवरचा काडेपेटीहून जरासा मोठा डबा उपग्रह पकडतोय. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायदू. ज्या मंडळींचं एरवी चहात साखर किती यावरही एकमत व्हायचं नाही, ती सगळी वीसेक हजार किलोमीटर उंचीवरून एकाच प्रश्नाला भिडलेली असतात: पंत कुठे आहेत? पंत गुलमोहराखाली आहेत. झाडाखालून दोन पावलं पुढे आलं तर डब्याला आभाळ मोकळं दिसेल आणि काम पटकन होईल, हे आम्हा सहाही जणांना ठाऊक आहे. पण पंत हलत नाहीत. हललं की 'फिक्स तुटतो' म्हणे. तेवढ्या वेळात ते एक कथा सांगतात. अमेरिका मे २००० पर्यंत सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक कशी मिसळायची आणि माणूस शंभर-शंभर मीटर कसा इकडचा तिकडे दिसायचा, ही ती कथा. आम्हाला ती आता आरतीसारखी पाठ आहे, टाळ्यांसकट.

पंतांचं नाव अर्थातच दुसरं काहीतरी आहे. 'सरासरीपंत' हे ग्रुपने ठेवलेलं. तरुण पोरं नुसतं 'अ‍ॅव्हरेज काका' म्हणतात. वय छप्पन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, दोन्ही गुडघे अजून स्वतःचे. असे पंत नाशकातही असतात, कोल्हापुरातही असतात. ओळखायचे कसे? तर खडकवासल्याच्या धरणावर सूर्य उगवत असताना बाकीचे पाण्याकडे बघतात आणि हा माणूस हँडलकडे बघत "बावीस पॉइंट तीन" असं म्हणतो.

डबा घेतला तो 'परवडतो' म्हणून. हा शब्द पंतांच्या तोंडी फार. गार्मिनवाल्या मंडळींकडे ते ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने सदाशिव पेठेतला माणूस लग्नात सूटवाल्याकडे बघतो. "तीच बॅटरी, तेच उपग्रह. नावाचे पैसे." स्वतःचा डबा साडेचार हजारांना घेतला. मग नुसत्या जीपीएसवर वेग जरा मागून येतो असं लक्षात आलं, म्हणून चाकाला स्पीड सेन्सर. तो आहे तर पेडलचे फेरे का सोडा, म्हणून कॅडन्स सेन्सर. मग छातीचा हार्टरेट पट्टा. डबा हँडलच्या पुढे असला की मान कमी वाकते, म्हणून पुढे येणारा माउंट. वर काच, खाली सिलिकॉनचं कव्हर, आणि डबा उडून पडू नये म्हणून दोरी. दोरी मात्र घरातलीच, चड्डीची. सगळं मिळून अकरा हजारांच्या पुढे गेलं. वहिनींनी हिशेब विचारला तेव्हा पंतांनी महागड्या डब्याची किंमत वर लिहिली, खाली हे अकरा हजार लिहिले, वजाबाकी केली आणि आलेली रक्कम 'बचत' म्हणून अधोरेखित केली. बँकेत इतकी वर्षं उगाच काढलेली नाहीत.

स्पीड सेन्सरला चाकाचा परीघ सांगावा लागतो. टायरच्या आकारानुसार तयार तक्ता मिळतो, पंतांच्या टायरला २१०५ मिलिमीटर. पण तक्त्यावर विश्वास ठेवील तो पंत कसला! एका रविवारी पार्किंगमध्ये खडूने रेघ मारून, टायरला खडूचीच खूण करून, वर स्वतः बसून (वजनाने टायर दबतो ना!) एक फेरा मोजला. चिरंजीव टेप धरून. आलं २०९८. सात मिलिमीटरचा फरक. म्हणजे दर शंभर किलोमीटरला तीनशे तीसेक मीटर फुकट मिळत होते. पंतांनी बराच विचार केला आणि २१०५ ठेवले. "कंपनीने काहीतरी अभ्यास केलाच असेल."

हा माणूस लबाड आहे असं मात्र समजू नका. आकड्याशी त्याचं नातं भक्ताचं आहे, आणि भक्त देवाला थोडं फसवतोच. नारळ नाही म्हणून सुपारी ठेवतो.

सिंहगडाची हकीकत सांगितली पाहिजे. पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरचा घाट. सुरुवातीला झाडीतून बरा वाटतो आणि मग एकेका वळणावर असा उभा राहतो की पुढचं चाक उचलेल असं वाटावं. पंत तिथे ताशी चार किलोमीटरने चढतात. शेजारून कैऱ्या-काकड्यांची पाटी डोक्यावर घेतलेल्या मावशी पुढे निघून जातात, त्याही मागे वळून न बघता. डब्यात ऑटोपॉज नावाची सोय असते. सिग्नलला थांबलात की घड्याळ थांबतं, म्हणजे थांबल्या वेळेने सरासरी बिघडत नाही. आता त्या बिचाऱ्या डब्याला काय कळणार? चौथ्या वळणावर पंत जीव तोडून पेडल मारतायत, हार्टरेट १७१, दात बाहेर, आणि डबा 'टूंऽऽ' करून पडद्यावर लिहितो: थांबलात.

"चालवतोय रे मेल्या!" पंत घाटात ओरडले. माकडं झाडावर चढली.

वर पिठलं-भाकरी खाताना त्यांनी डबा उघडला आणि घास हातातच राहिला. सरासरी खूपच चांगली दिसत होती. सगळ्यात हळू चाललेला वेळ यंत्राने विश्रांती समजून वगळला होता. पंत काही क्षण गप्प बसले. मग दह्याचं मडकं खाली ठेवून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोपॉजचा वेग वाढवला. आता सिंहगडावर जिथे त्यांना सगळ्यात जास्त घाम येतो, तिथे हिशेबी ते आराम करत असतात. "अंतर थोडं बुडतं," ते म्हणतात, "पण ते पार्किंगमध्ये भरून काढता येतं."

उंचीची गंमत वेगळी. डब्यात हवेचा दाब मोजणारं यंत्र असतं. वर गेलं की दाब कमी होतो, त्यावरून चढ कळतो. पण पावसाळी हवेतही दाब कमी होतो आणि डब्याला दोन्हीतला फरक कळत नाही. जुलैच्या एका संध्याकाळी बाहेर ढग दाटून आले असताना पंतांचा डबा जेवणाच्या टेबलावर चालूच राहिला होता. एक हेक्टोपास्कल दाब उतरला की डब्याच्या लेखी आठ-साडेआठ मीटरचा चढ. भाकरी संपेपर्यंत टेबल पंचवीस मीटर वर गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तरीच ताक आणायला मला एवढा दम लागला."

चहाच्या टपरीवर मग चढांची तुलना होते. एकच रस्ता, एकच सकाळ. गार्मिनवाल्याचा चढ ८१२ मीटर, पंतांचा ९४०. कोणाचा खरा? पंतांचं उत्तर तयार असतं, "माझी सायकल जड आहे."

स्वस्त डब्यात नकाशा नसतो. नुसती एक रेघ आणि तिच्यावर सरकणारा बाण. आजूबाजूला गाव, ओढा, देऊळ काही नाही. रस्ता आदल्या रात्री फोनवर बोटाने आखून डब्यात भरायचा. पंतांचं बोट जाड. पानशेत रस्त्याला एकदा त्यांच्या रेघेमागे आम्ही सगळे डावीकडे वळलो ते थेट एका गोठ्यात. शेण काढणाऱ्या आजीने विचारलं, "कुठं निघालाय?"

"इथून पुढे रस्ता आहे," पंत डबा दाखवत म्हणाले.

आजीने हात पदराला पुसले, डोळे बारीक करून पडदा नीट बघितला. "ही रेघ व्हय? ही तर आमच्या म्हशीच्या पोटातनं गेलीय."

डबा मागून टूं-टूं करतच होता. म्हैस मात्र शांत होती. आजीने ताक पाजलं, खरा रस्ता सांगितला, आणि तो रस्ता डब्यातल्या रस्त्यापेक्षा दोन किलोमीटर जवळचा निघाला म्हणून पंत परतीच्या वाटेवर थोडे नाराज होते.

पेठांमधून जातानाही असंच. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून सिग्नल येतो. त्यामुळे घरी येऊन माग बघावा तर पंत लोकांच्या स्वयंपाकघरांतून, एका मंगल कार्यालयाच्या स्टेजवरून आणि मुठेच्या पाण्यातून सायकल चालवत गेलेले. या वाकड्यातिकड्या रेघेने अंतर मात्र वाढतं, म्हणून त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

मध्यंतरी एकदा रस्त्यावरच्या खडीवरून सायकल घसरली आणि पंत पडले. कोपर सोलटलं. आम्ही धावलो. तर पंत रस्त्यावर आडवे आणि एक हात वर, डब्याकडे. आधार मागतायत असं वाटून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पॉजचं बटण दाबलं. "वेळ चालू होता," म्हणाले, आणि मग विव्हळले.

छातीचा पट्टा त्यांनी सायकलीवाचूनही एकदा वापरला. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. पट्टा लावायच्या आधी तो ओला करावा लागतो, नाहीतर ठोके नीट घेत नाही. तर पंत पट्टा भिजवून, शर्ट घालून, डबा खिशात टाकून सभेला बसले. २२० वजा वय, म्हणजे त्यांची कमाल १६४ धरायची. इतिवृत्त वाचेपर्यंत ७८. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला, ९६. मग पाहुण्यांच्या पार्किंगचा विषय निघाला आणि पंतांच्या खिशातून टूं-टूं सुरू झालं. १४३. चेअरमनना वाटलं बोलायची वेळ संपल्याची घंटा झाली. ते खाली बसले. पुढच्या सभेलाही पंतांनी पट्टा लावून यावं असा आग्रह काही सभासदांनी धरला.

पंतांचे वडील, अण्णा, सत्त्याऐंशीचे. बत्तीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने गेले. पुणं सायकलींचं शहर होतं ते या अशा माणसांमुळे. भोंग्याच्या आधी खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा पूर लोटायचा. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोह्यांना गेलो असताना पंतांनी कागद घेऊन हिशेब मांडला. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, वर्षाचे दोनशे नव्वद दिवस, गुणिले बत्तीस. एक लाख तीस हजार किलोमीटर.

"अण्णा, सव्वातीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा झाली तुमची! आणि एका किलोमीटरची कुठे नोंद नाही!"

पंतांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. एखाद्याचं पेन्शन बुडावं तसं.

"नोंद नाही कशी?" अण्णा लिंबाची फोड पोह्यांवर पिळत म्हणाले. "गेटावर कार्ड ठोकायचे. उशीर झाला की पगार कापायचे."

"तसं नाही हो. अ‍ॅव्हरेज काय असायचं?"

"ते मला माहीत नाही. भोंग्याआधी पोचायचं."

पंतांनी पुढचा प्रश्न विचारायला जरा वेळ घेतला. "जाताना वारा समोरून असायचा का?"

"वारा आठवत नाही. शाळेपर्यंत कॅरियरवर तू असायचास. पाय चाकात घालशील म्हणून सारखं मागे बघायला लागायचं."

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. वहिनींनी चहा आणून ठेवला. पंत कागदाकडे बघत होते. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. त्यांनी पेन उचललं.

"शाळा म्हणजे घरापासून अडीच किलोमीटर," ते म्हणाले, "गुणिले सहा वर्षं... म्हणजे माझे पण झाले की."

परवाच्या शनिवारची गोष्ट. सत्तर किलोमीटर ठरवून गेलो होतो. सोसायटीच्या गेटात शिरताना डब्यावर ६९.१. असं झालं की पंत आत येऊन थांबत नाहीत. बी विंगला वळसा, टाकीला वळसा, परत गेट. कार पुसणारी मुलं बादल्या उचलून घेतात, झाडूवाल्या मावशी बाजूला होतात. तोंडावर काहीही भाव न आणता, सायकलच्या बुटांत, हेल्मेटसकट एक छप्पन्न वर्षांचा गृहस्थ पाण्याच्या टाकीभोवती घिरट्या घालत असतो. नव्याने राहायला आलेल्या बाई गॅलरीतून नवऱ्याला हाक मारतात.

मी सायकल लावून वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा होतो. वॉचमन विदर्भातला पोरगा, वर्षभर इथे आहे. पंत गेटापाशी आले तसा तो खुर्चीतून उठला, मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला,

"काका, एक चक्कर एकशे चाळीस मीटरची आहे ना? मग सात मारा. सहानं थोडं कमी पडते."