चिप टाइम

पन्नाशी जवळ आलेली, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी बंगळुरूला आणि रक्ताच्या रिपोर्टात दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले. पुण्यात असा गृहस्थ दिसला, की वर्षभरात तो सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरणार हे धरून चालावं. आमच्या सोसायटीत सध्या असे तिघं आहेत. वर्णन एकाचं करतो, उरलेले दोघं त्यात आपोआप येतात.

आधी बूट येतात, पळणं मागाहून. दुकानातल्या यंत्रावर पाऊल मोजून झालं की "आमचं ओव्हरप्रोनेशन आहे" असं तो सांगू लागतो, जणू घराण्यात चालत आलेली जहागीरच. मग घड्याळ येतं. मग तळजाईची टेकडी. दर रविवारी पहाटे साडेचारला त्याचा गजर वाजतो, तो सोडून सगळा मजला उठतो. डॉक्टरांनी बंद केलेला भात 'कार्ब लोडिंग' या नावाने पुन्हा ताटात येतो आणि वहिनींनी काही म्हटलं तर ट्रेनिंग प्लॅनकडे बोट दाखवलं जातं.

बोलायला दुसरा विषय उरत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने सहज विचारलं, "एकवीसच का हो?" तर हा जिलबी बाजूला ठेवून 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकला पोचला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यातून सुटणार, स्टेडियमात राजघराण्याच्या आसनांसमोर संपणार, म्हणून अंतर भरलं बेचाळीस किलोमीटर 195 मीटर, आणि आपल्या वाट्याला त्याचं निम्मं. विचारणाऱ्याचा मठ्ठा संपला होता, पण उठायची सोय नव्हती.

साताऱ्याची ही शर्यत 2012 साली सुरू झाली. 2015 मध्ये डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू पळाल्याचा गिनीज विक्रम तिच्या नावावर लागला. तो विक्रम हा "आमचा" म्हणून सांगतो. 2015 मध्ये हा लिफ्ट बंद असली की खालूनच घरी फोन करून भाजीची पिशवी न्यायला माणूस बोलवायचा.

शर्यतीच्या दिवशी बिबला चार पिना, काखेत व्हॅसलीन, खिशात खजूर. गावातला रस्ता मजेत जातो. ढोल वाजतात, शाळेची पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी असतात. पुढे यवतेश्वरचा घाट लागतो आणि बोलणं बंद पडतं. (वहिनींच्या मते शर्यतीचा खरा फायदा हाच.) सातारकर दिलदार, पण अंतराच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. "चला काका, आलंच!" हे ते पाचव्या किलोमीटरलाही सांगतात. सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा साध्या कॅनव्हासच्या बुटांत, घड्याळाशिवाय, मागून आले, "दम लागला का?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता धुक्यात दिसेनासे झाले.

इथे मात्र गड्याला मानलं पाहिजे. घाटात चाललं तरी चालतं, बरेच जण चालतातच. हा चालला नाही. वेग चालण्याचा होता, पण कृती पळण्याची. वर पोचून वळला तेव्हा त्याला वाटलं, आता काय, उतारच तर आहे. उतारावर मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात आणि त्याचं बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, हे प्लॅनमध्ये लिहिलेलं होतं. त्या पानावर भाताचा विषय नव्हता, म्हणून वाचायचं राहिलं.

तीन दिवस तो जिना उलटा उतरला, कठडा धरून, गळ्यात मेडल. तशाच अवस्थेत त्याने मजल्यामजल्यावर कंदी पेढे वाटले. पेढा एक, हकिगत मोठी. घड्याळात अंतर एकवीस किलोमीटर चारशे मीटर आलं होतं. मार्ग मोजतात तो वळणाच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने. हा घाटभर बाहेरच्या कडेने पळाला. त्या वरच्या तीनशे मीटरचं श्रेय कुठे मागायचं, याची चौकशी त्याने माझ्याकडे केली. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून असेल.

जोशीकाकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग, वेळ किती लागला?"

"गन टाइम की चिप टाइम?" त्याने खुर्ची ओढली. बंदूक वाजल्यापासून मोजतात तो गन टाइम, पण आपण गर्दीत मागे उभे, सुरुवातीच्या रेषेवरून आपलं पाऊल पडेल तेव्हा चिप चालू होते, तेव्हा खरा वेळ म्हणजे...

"सात महिने," वहिनी म्हणाल्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या.