औदुंबराला पाण्यातच बसू द्या

गाइडकार महाशय,


तुमचे नाव मला ठाऊक नाही. गाइडावर ते कुठेच छापलेले नाही. पण तुमचा मजकूर मात्र मला तोंडपाठ झाला आहे, कारण गेल्या आठवड्यात तोच मी वहीमागून वही तपासत होते. वर्गाला बालकवींची ‘औदुंबर’ वाचायला दिली होती आणि घरून सारांश लिहून आणायला सांगितले होते. अर्ध्याहून जास्त वह्यांत तुमचाच उतारा निघाला, स्वल्पविरामांसकट.

त्या उताऱ्यात काय होते? त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हणून गौरवण्यात आले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. औदुंबर हा दत्ताचा पवित्र वृक्ष आहे. कवीला निसर्गाची ओढ होती. माणसाने सुखदुःखात या झाडासारखे अविचल राहावे, असा मोलाचा संदेश प्रस्तुत कवितेतून मिळतो.

महाशय, यात पाणीच नाही! झरा नाही, डोह नाही, पायवाट नाही. तुम्ही कवितेचा सारांश दिलात आणि त्यातून कविताच वगळलीत.

कवितेच्या ओळी फक्त आठ. दोन्ही काठांवर हिरवळ आहे आणि मधून झरा वाहतो आहे. टेकडीच्या बाजूला मोजक्या घरांचे गाव आहे, त्याच्यापुढे दाट शेते. त्या हिरव्यातून एक पांढरी वाट वाकडीतिकडी निघते आणि काळ्या डोहापाशी जाते. तिथे पाण्यावर अंधारून आले आहे आणि त्या पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. वाचणाऱ्याची नजर मोकळ्या उजेडातून निघते आणि सावलीत येऊन थांबते. ज्याचे नाव कवितेला दिले आहे, ते झाड अगदी शेवटच्या ओळीत भेटते. हा प्रवास आणि त्याचा हा क्रम सारांशात आलाच पाहिजे. तो गेला तर हाती उरते ते फक्त ‘निसर्गवर्णन’, आणि हा शब्द कुठल्याही पावसाळी कवितेला चिकटवता येतो.

सारांशात काय घ्यायचे, हे ठरवायला मी मुलांना एक कसोटी देते. कवितेचे आणि कवीचे नाव झाका. ज्याने ही कविता वाचली आहे, त्याला नुसता सारांश वाचून ती ओळखता आली पाहिजे. तुमचा संदेश या कसोटीला लावा. अविचल राहण्याचा उपदेश सुभाषितातही सापडतो, शाळेच्या भिंतीवरही. पण हिरव्यातून निघून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी वाट याच कवितेची आहे.

भादलीचा अपघात दुःखदच आहे. सत्तावीस वर्षांच्या वयात गेलेल्या कवीबद्दल मुलांना जरूर सांगावे, पण कविपरिचयात. कविता लिहिली तेव्हा तो अपघात घडलेला नव्हता. दत्ताचेही तसेच. औदुंबर म्हटले की मराठी माणसाला दत्त आठवतो हे खरे, पण कवितेत त्याचा उल्लेख नाही. आपल्याला काय आठवले आणि कवीने काय लिहिले, हे वेगळे ठेवायला शिकवणे हेच तर आपले काम.

अर्थ लावूच नये, असे मी म्हणत नाही. त्या झाडात कुणाला वैराग्य दिसेल, कुणाला मृत्यूची चाहूल लागेल. ते रसग्रहणात लिहावे, ‘मला असे वाटते’ म्हणून लिहावे आणि कवितेतला आधार देऊन लिहावे. आधार शोधताना एक विशेषण आडवे येईल: लाटांवर पसरलेल्या काळोखाला बालकवी गोड म्हणतात. हा एक शब्द अशा उदास अर्थाला सहज मान तुकवू देत नाही आणि तुमच्या उपदेशालाही नाही. एवढ्या छोट्या कवितेच्या सारांशात तो शब्द हवाच. तुम्ही नेमका तोच गाळलात.

तुमच्यावरचा माझा खरा राग मात्र एका वहीमुळे आहे. एका मुलीने आधी स्वतःचे वाक्य लिहिले होते: ‘इथे घरे आहेत, वाट आहे, पण माणूस कुणीच दिसत नाही.’ मग ते खोडले आणि खाली तुमचा उतारा उतरवला. इतकी वर्षे ही कविता शिकवते आहे, पण त्या रिकामेपणाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. ते तिला दिसले आणि छापील मजकुरापुढे तिला ते चुकीचे वाटले.

मी त्या खोडलेल्या वाक्याला गुण दिले. तुम्ही पुढच्या आवृत्तीत त्या पानावर आठ ओळी छापा आणि खालची जागा मोकळी सोडा. तिथे लिहायला मुलांकडे पुष्कळ आहे.

कळावे,
मराठीची एक शिक्षिका