आमची टोळी

ह्युमन कॅपिटल कन्सल्टिंगमधला सीनियर डायरेक्टर म्हटलं की पुण्यात लोक जरा सरसावून बसतात. नांदगावात मात्र एकच सवाल येतो, "म्हणजे बँकेत का?" मी पुढाऱ्यासारखं हसून सांगतो, "कंपन्यांना माणसांबद्दल सल्ला देतो." समोरचा हळहळतो. "कायमची नोकरी नाही का लागली?"

मानवी भांडवलाचा विचार रुजवणाऱ्या थिओडोर शुल्ट्झना 1979 साली आणि गॅरी बेकरना 1992 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगून पाहिलं आहे. जिलबी वाढणारा थांबला नाही.

माझी खरी किंमत जाणली ती मुकादम नानांनी. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या नाना भरतात.

"तुमच्यात उचल देता का?" त्यांनी विचारलं.

"जॉइनिंग बोनस देतो."

"आन् घेऊन पळाला तर?"

"वर्षाच्या आत सोडलं तर वसूल करतो. करारातच असतं."

नानांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "मग असं सांग ना! मुकादमच आहेस की तू."

इतका मान मला एकाही कंपनीनं दिलेला नाही, तेव्हा नानांवर चार ओळी जास्त झाल्या तर चालवून घ्या. कोणाचा बैल लंगडतो, कोणाच्या आईचं ऑपरेशन राहिलंय, कोणाच्या पोरीचं वैशाखात लग्न आहे, सगळं तोंडपाठ. कोण किती उचल मागेल आणि कोण अर्ध्या हंगामात पळेल, हे त्यांना पारावर बसल्या बसल्या कळतं. आम्ही तिमाहीभर सर्व्हे करतो आणि शेवटी रंगीत स्लाइडवर सांगतो की माणसं साहेबाला कंटाळून नोकरी सोडतात. शिवाय वर जीएसटी लावतो.

नाना संत नाहीत. खाडा झाला की पैसे कापतात, आणि त्यांच्या वहीतला हिशेब फक्त त्यांनाच लागतो. आमचा बेल कर्व्हही साहेबालाच समजतो, म्हणून मी गप्प बसलो.

पण वहीच्या एका पानावर अडलो. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. पहाटेच्या अंधारात फडात शिरणारी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणारी, रात्री खोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवणारी बाई त्या जोडीतच धरलेली.

"नाना, यात तिचं नाव कुठंय?"

"तिचं कशाला? कोयता लिहिलाय की."

आमच्याकडे डायव्हर्सिटीवर स्वतंत्र स्लाइड आहे, आणि तिच्यावरचा हसऱ्या बाईचा फोटो विकत घेतलेला आहे. तो विषय मी तिथं काढला नाही.

उचल घेतल्याचा अंगठा नवऱ्याचा असतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला दोघांनाही जावं लागतं.